घरातील चूल : कमी सरपण, कमी धूर आणि सुरक्षित विस्तव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गॅस घरोघरी पोहोचला असताना चुलीचा विचार कशासाठी करायचा?

कारण चूल अजून विझलेली नाही. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिच्यामुळे कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी आली. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशभरात ५८.६ टक्के आणि ग्रामीण भागात ४३.२ टक्केच आढळली. ज्या घरी गॅस आहे, तेथेही सिलिंडर चहापाण्यासाठी आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवला जातो. भाकऱ्या, आंघोळीचे पाणी आणि दुभत्या जनावराचे आंबोण चुलीवरच होते. परवडत असेल तर रोजचा स्वयंपाक गॅसवर करावा, आणि घरात तान्हे मूल, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल तर तो आग्रहाने करावा, हे आरंभीच स्पष्ट सांगतो. पुढील उत्तरे ज्या घरांत चूल आजही पेटते आणि उद्याही पेटणार आहे, त्यांच्यासाठी आहेत.

चुलीतून धूर का येतो? लाकूड म्हटले की धूर येणारच, असे नाही का?

असे नाही, आणि या पानावरील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीवर उभी आहेत. लाकूड तापले की त्यातून प्रथम ज्वलनशील वायू आणि वाफा बाहेर पडतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश भाग अशा रीतीने हवेत उडून जातो आणि उरलेल्या भागाचा निखारा होतो. आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचा जाळ असतो. वायूंना पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा एकाच वेळी मिळाली, तर ते पूर्ण जळतात आणि चुलीवर निर्धूर, पिवळा, चपळ जाळ दिसतो. उष्णता किंवा हवा यांपैकी एकही कमी पडली, तर तेच वायू न जळता धूर होऊन घरभर पसरतात.

म्हणजे धूर हे न जळलेले सरपणच होय. डोंगरातून डोक्यावर मोळी वाहून आणायची, ती फोडायची, वाळवायची, आणि तिचा एक भाग डोळे चुरचुरत छपराबाहेर सोडून द्यायचा, असे धुराचे खरे स्वरूप आहे. म्हणूनच सरपण वाचवण्याचे उपाय आणि छाती वाचवण्याचे उपाय वेगवेगळे नाहीत. जे केल्याने धूर कमी होतो, त्यानेच लाकूडही कमी लागते.

धुराची नेहमीची कारणे मोजकीच आहेत : सरपण ओले असणे, चुलीच्या तोंडात एकाच वेळी लाकडे कोंबलेली असणे, राख साचल्यामुळे खालून हवा न मिळणे, आणि जाळ पुरता होण्याआधीच थंड भांड्याच्या बुडाला लागून विझणे. भांड्याच्या बुडावर जमणारी दाट काजळी ही या शेवटच्या कारणाची खूण असते.

चुलीच्या धुराने खरोखर इतके नुकसान होते का? आमच्या आज्या-पणज्या तर चुलीपुढेच म्हाताऱ्या झाल्या.

त्या म्हाताऱ्या झाल्या, पण त्यांच्यापैकी कितीजणींना रात्रभर खोकला होता आणि कितीजणींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हेही आपण पाहिलेले आहे. माझी आजी चुलीपुढून उठल्यावर पाच मिनिटे भिंतीला धरून श्वास घेत असे आणि घरातले सगळे त्याला वय म्हणत असत. ते केवळ वय नव्हते, हे मला फार उशिरा कळले, आणि त्याची खंत आजही वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. पाच वर्षांखालील मुलांमध्ये न्यूमोनियाचा धोका अशा धुरामुळे जवळजवळ दुप्पट होतो. पुण्यातील डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांना होणाऱ्या दीर्घकालीन श्वसनरोगामागे चुलीचा धूर हे जगातील एक फार मोठे कारण आहे. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकाच्या आरंभी, कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो याचे मोजमाप केले होते आणि तेव्हापासून हा विषय जगाच्या आरोग्यचर्चेत आला.

सरपण पुरते वाळले आहे, हे कसे ओळखावे?

दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाहावीत : वाळलेल्या लाकडाचा आवाज टणटणीत येतो, ओल्याचा बद्द येतो. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या असतात, साल सहज सुटते आणि त्याच आकाराच्या ओल्या लाकडापेक्षा ते हाताला स्पष्टपणे हलके लागते. चुलीत घातल्यावर मागच्या टोकातून फेस किंवा पाणी आले आणि सूं असा आवाज झाला, तर ते लाकूड अजून तयार नाही, असे समजून बाहेर काढून ठेवावे.

ओले लाकूड जळतेच ना? मग थोडे ओले असले तर काय बिघडते?

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे एक किलो लाकूड घेतले, तर त्यात खरे लाकूड अर्धाच किलो असते. ते साधारण २,२०० किलोकॅलरी उष्णता देते आणि त्यातील सुमारे ३०० किलोकॅलरी उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतात. हे नुकसान डोळ्यांना दिसते, पण त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. ती वाफ जाळाला थंड करते, जाळ थंड झाला की लाकडातून निघालेले वायू पेटत नाहीत, आणि न पेटलेले वायू म्हणजे पुन्हा धूर. अशा वेळी आपण जाळ वाढावा म्हणून आणखी ओली लाकडे घालतो, आणि तो आणखी थंड होतो.

सरपण किती दिवस वाळवावे आणि पावसाळ्यासाठी कसे साठवावे?

मनगटापेक्षा जाड लाकूड फोडून दोन-तीन अंगठ्यांच्या जाडीच्या ढलप्या करून ठेवाव्यात. न फोडलेला ओंडका वर्षभर उन्हात पडला तरी आतून ओला राहतो, कारण साल पाणी बाहेर जाऊ देत नाही. फोडलेले सरपण महाराष्ट्रातील उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी वाळते. बाभूळ, ऐन यांसारख्या जड लाकडाला त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. थोडक्यात, जून ते सप्टेंबरची बेगमी मार्चच्या आधी तोडून फोडून झालेली असली पाहिजे. मे अखेरीस घाईने आणलेले लाकूड पावसाळाभर धूर देते, आणि त्याच दिवसांत दारे-खिडक्या लावलेल्या असतात.

रचताना सर्वांत खालची रास जमिनीवर टेकू देऊ नये. दगड किंवा दोन आडवी लाकडे घालून वीतभर उंचीवर रचावी, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. वरून पत्रा किंवा ताडपत्री घालावी, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात. प्लास्टिकने चारी बाजूंनी गच्च गुंडाळलेली रास आतल्या आत घाम धरते आणि तिच्यावर बुरशी चढते, ही चूक कोकणात फार ठिकाणी दिसते. रास घराच्या भिंतीला लागून असेल, तर तिच्यात विंचू आणि साप येतात, म्हणून पहाटे अंधारात सरपण काढताना हात घालण्यापूर्वी काठीने हलवून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी लागणारी लाकडे आदल्या रात्री चुलीजवळ ठेवण्याची जुनी पद्धत चांगली आहे. मात्र ती गरम चुलीच्या अंगाला टेकवून किंवा निखाऱ्यांवर आडवी ठेवून झोपी जाऊ नये. हातभर अंतर हवेच.

कोणते लाकूड चांगले आणि कोणते चुलीत अजिबात घालू नये?

बाभूळ, ऐन, धावडा, किंजळ यांसारखी जड लाकडे सावकाश जळतात आणि त्यांचे निखारे टिकतात, म्हणून डाळ शिजवण्यासाठी आणि भाकरी आरावर फुगवण्यासाठी ती उत्तम असतात. सुबाभूळ लवकर वाढते आणि बांधावर लावता येते, त्यामुळे रोजच्या सरपणासाठी ती सोयीची आहे. पांगारा आणि शेवगा यांचे लाकूड हलके असते, भुरकन जळते आणि निखारा ठेवत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील पळाट्या आणि तुराट्या, कोकणातील करवंट्या आणि झावळ्यांचे देठ हे सारे उपयोगी आहे, मात्र बारीक सरपणाचा जाळ एकदम भडकतो आणि सतत लक्ष द्यावे लागते.

कण्हेरीचे झाड विषारी आहे. तिच्या काड्या चुलीत घालू नयेत आणि त्यांचा चमचा-पळी म्हणूनही वापर करू नये. बिब्ब्याच्या लाकडाच्या धुराने अंगावर फोड येऊ शकतात आणि डोळे सुजतात. काजूच्या टरफलांत त्वचा जाळणारे तेल असते, म्हणून ती घरातल्या चुलीत जाळू नयेत. रंग किंवा पॉलिश लावलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे, वाळवीचे औषध मारलेले वासे, जुन्या खुर्च्यांचे अवशेष यांच्या धुरात विषारी द्रव्ये असतात आणि त्याच जाळावर आपली भाकरी भाजली जाते. सुतारशाळेतून फुकट मिळणारे तुकडे आणताना हा फरक ओळखून आणावेत.

गोवऱ्या वापरणे चांगले की वाईट?

गोवरीची उष्णता वजनाच्या मानाने लाकडापेक्षा कमी असते आणि धूर अधिक असतो. दूध तापत ठेवणे किंवा विस्तव धरून ठेवणे यासाठी तिची मंद धग उपयोगी पडते, पण बंद स्वयंपाकघरात दोन्ही वेळचा स्वयंपाक तिच्यावर करू नये. शेण पुरेसे असेल तर बायोगॅस हा त्याचा सर्वांत शहाणा उपयोग आहे, कारण त्यातून निर्धूर जाळही मिळतो आणि शेतासाठी खतही उरते.

चूल पेटवण्याची योग्य रीत कोणती?

पेटवण्याची पहिली पाच-दहा मिनिटे सर्वांत अधिक धुराची असतात, कारण तेव्हा चूल थंड असते. आधी कालची राख काढावी. मग तळाशी सुकी पाने, नारळाचा काथ्या किंवा कागद, त्यावर काडीएवढ्या बारीक काटक्या, त्यांवर बोटाएवढ्या काटक्या अशा रचाव्यात आणि त्यांच्यामध्ये हवा खेळेल इतकी जागा सोडावी. बारीक काटक्यांचा जाळ पूर्ण उभा राहिल्यावरच पहिली ढलपी घालावी. या काळात चुलीवर भांडे ठेवले नाही, तर जाळ मोकळा वर येतो आणि चूल लवकर तापते. नंतर मात्र क्षणभरही रिकामी ठेवू नये.

पेटवण्यासाठी प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा, चपलेचा तळ किंवा रबर वापरण्याची सवय अनेक घरांत लागली आहे. ती तातडीने सोडावी, कारण प्लास्टिकच्या, विशेषतः क्लोरीन असलेल्या प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. त्याऐवजी उन्हाळ्यात काथ्या, करवंटीचे तुकडे आणि तुराट्यांचे बारीक तुकडे डब्यात भरून ठेवले, तर आषाढातही चूल सहज पेटते.

रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल पेटत्या अथवा नुकत्याच विझलेल्या चुलीत कदापि ओतू नये. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांवर पडलेल्या तेलाची आधी वाफ होते, ती एकदम भडकते आणि जाळ हातातल्या कॅनपर्यंत येतो.

फुंकणीने सारखे फुंकावे लागते. हे चुकीचे आहे का?

फुंकणी पेटवण्यापुरती हवी. स्वयंपाक चालू असताना वारंवार फुंकावे लागत असेल, तर सरपण ओले आहे किंवा खालून हवा मिळत नाही, असे समजावे. फुंकण्यासाठी चेहरा चुलीच्या तोंडाशी नेला की सर्वांत दाट धूर नाकात जातो, म्हणून फुंकणी हातभर लांब असावी आणि श्वास घेताना तोंड बाजूला वळवावे. चुलीच्या तळाशी दोन-तीन बोटे उंचीवर लोखंडी जाळी बसवली आणि लाकडे तिच्यावर ठेवली, तर जाळीखालून हवा आपोआप येते आणि फुंकणीचे काम पुष्कळ कमी होते. एवढ्या कमी खर्चात इतका फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

सरपण कमी लागावे म्हणून स्वयंपाक करताना काय करावे?

तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्यात पोहोचते. बाकीची चुलीची माती तापवण्यात, भांड्याच्या बाजूंनी निसटण्यात आणि धुरात जाते. म्हणून सुधारणेला भरपूर वाव आहे.

पहिली गोष्ट झाकणाची. उघड्या भांड्यातून वाफेबरोबर निघून जाणारी उष्णता आपण पुन्हा पुन्हा लाकडाने भरून काढत असतो. दुसरी गोष्ट उकळीची. पाणी उकळू लागल्यावर त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते, मग जाळ कितीही मोठा केला तरी भात लवकर शिजत नाही, फक्त वाफ अधिक होते. त्यामुळे उकळी फुटली की एखादे लाकूड मागे ओढून जाळ निम्म्यावर आणावा. मागे ओढलेले कोलीत जमिनीवर धुमसत न ठेवता राखेत खुपसून विझवावे. तिसरी गोष्ट भिजवण्याची : तूरडाळ तासभर आणि हरभरा, वाल, चवळी, मटकी रात्रभर भिजवल्यास शिजण्याचा वेळ स्पष्टपणे कमी होतो. प्रेशर कुकर चुलीवरही चालतो. फक्त पहिल्या शिट्टीनंतर जाळ कमी करावा आणि रबर व शिट्टी धगीने खराब होत नाहीत ना, ते अधूनमधून पाहावे.

वैल, म्हणजे चुलीला जोडलेले दुसरे तोंड, असलेल्या चुलीचा खरा फायदा घ्यायचा असेल, तर वैलावर नेहमी काही ना काही ठेवलेले असावे. पुढच्या तोंडावर भाकऱ्या होत असताना वैलावर आमटी कढत राहते किंवा पाणी तापते आणि वाया जाणारी धग कामाला लागते. वैल उघडा राहिला तर धूर तेथून घरात येतो. काहीच ठेवायचे नसेल तर पाण्याचे भांडे ठेवून तो झाकावा.

भात किंवा डाळ अर्धीअधिक शिजल्यावर भांडे उतरवून पेंढ्याने, गोधडीने किंवा तुसाने भरलेल्या टोपलीत घट्ट झाकून ठेवले, तर ते आतल्या उष्णतेवरच शिजून तयार होते. यासाठी सरपण मुळीच लागत नाही. मात्र भांडे उतरवताना ते उकळत असले पाहिजे, आणि अन्न कोमट होईपर्यंत न ठेवता गरम असतानाच वाढावे.

नवी चूल बांधताना मापे कोणती पाळावीत?

मापे घरातल्या नेहमीच्या भांड्यांवर ठरवावीत. भांड्याचे बूड आणि ते टेकण्याचे उंचवटे यांच्यामध्ये एक-दीड बोटाची फट पुरते. फट फार मोठी असेल तर जाळ बाजूने निसटतो, फार लहान असेल तर गुदमरतो. तोंड दोन-तीन ढलप्या मावतील एवढेच ठेवावे, कारण मोठ्या तोंडातून थंड वारा आत शिरतो आणि आपल्यालाही जास्त लाकडे घालण्याचा मोह होतो. मातीत भाताचे तूस किंवा भुसा मिसळल्यास चूल हलकी होते, उष्णता कमी शोषते आणि तडेही कमी जातात. आतील भाग गुळगुळीत सारवावा, आणि पोतेरे फिरवताना भेग दिसली तर त्याच दिवशी बुजवावी.

चूल दाराच्या थेट झोतात नसावी. झोताने जाळ बाहेर फेकला जातो. तिच्या तोंडासमोर किमान दोन-तीन हात जमीन मोकळी असावी आणि वर छप्पर पेंढ्याचे किंवा झावळ्यांचे असेल, तर चुलीच्या वर पत्रा बसवावा.

धुराडे बसवले की धुराचा प्रश्न सुटतो का?

अर्धा सुटतो. चांगले धुराडे धूर घराबाहेर नेते आणि चुलीला हवाही ओढून देते, पण ओल्या लाकडाचा धूर तसाच राहतो आणि शेजारच्या ओसरीत जातो. म्हणून धुराडे आणि कोरडे सरपण या दोन्ही गोष्टी लागतात.

केंद्र सरकारने १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला आणि २००२ पर्यंत तो चालला. त्यातून धुराडे असलेल्या लाखो चुली बांधल्या गेल्या. पुढे त्यांतील पुष्कळ मोडल्या किंवा त्यांची धुराडी काजळीने बुजली. ओडिशातील खेड्यांत सुधारित चुलींचा चार वर्षांपर्यंत झालेला एक अभ्यास हेच सांगतो : पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर घटला, पण देखभाल न झाल्याने पुढे फरक उरला नाही. चूल बांधून देणाऱ्याने धुराडे साफ कसे करायचे ते हाताने करून दाखवले नसेल, तर काम पुरे झाले असे मानू नये.

पाइप साधारण चार इंच व्यासाचा असावा, शक्य तितका सरळ वर जावा आणि छपराच्या आढ्यापेक्षा किमान दोन फूट उंच असावा; त्याहून कमी उंचीचे धुराडे वाऱ्याच्या झोताने उलटे वाहते आणि धूर परत घरात येतो. टोकावर पाऊस अडवणारी टोपी हवी. धातूचा एकेरी पाइप लाकडी वाशापासून किंवा पेंढ्यापासून दीड फूट दूर असावा, कारण आतली काजळी पेटली तर पाइप लाल होईपर्यंत तापू शकतो. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, लांब काठीला गोणपाटाचा बोळा बांधून पाइप वरून खाली साफ करावा. धुराड्यात अचानक घों असा आवाज आला आणि वरून ठिणग्या उडाल्या, तर काजळी पेटली आहे असे समजून चुलीतील लाकडे बाहेर काढावीत, तोंड पत्र्याने बंद करून हवा तोडावी आणि तापलेल्या पाइपवर पाणी ओतू नये. छपराने पेट घेतल्याची शंका आली, तर सर्वांना बाहेर काढून १०१ किंवा ११२ वर कळवावे.

बाजारातील तयार निर्धूर चूल घ्यावी का?

अवश्य विचार करावा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने घरगुती चुलींवर पुष्कळ काम केले आहे, आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३१५२ हे मानक अशा सुट्या चुलींसाठी आहे. २०१३ च्या सुधारित मानकानुसार पंखा नसलेल्या चुलीची उष्णताक्षमता, म्हणजे लाकडाच्या उष्णतेपैकी भांड्यात पोहोचणारा भाग, किमान २५ टक्के आणि पंखा असलेल्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. पंख्याची चूल धूर फार कमी करते, पण तिला बारीक तोडलेले सरपण लागते आणि पंखा बिघडला की ती कोपऱ्यात पडते. म्हणून दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. घरातील सर्वांत मोठे पातेले आणि भाकरीचा तवा घेऊन दुकानात जावे आणि ते चुलीवर ठेवून डगमगतात का ते पाहावे. भाकरी भाजण्यासाठी निखारे बाहेर ओढता येत नसतील, तर ती चूल घरच्या बाईला पटणार नाही, आणि तिचे मत येथे शेवटचे असावे.

थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून झोपले तर चालते का?

चालत नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. निखारे धूर देत नाहीत म्हणून ते निरुपद्रवी वाटतात, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवतात तेथे एक खिडकी आणि दार उघडे असावे, कोणीतरी जागे असावे आणि शेक झाल्यावर शेगडी बाहेर न्यावी. घरातील दोन-तीन जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले किंवा गरगरले, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

चुलीजवळ भाजण्याचे अपघात कसे टाळावेत?

पदर खोचून घ्यावा आणि चुलीपुढे शक्यतो सुती कपडे असावेत, कारण नायलॉन व पॉलिस्टर वितळून त्वचेला चिकटतात. रांगणाऱ्या मुलांच्या घरी जमिनीवरील चुलीभोवती वीटभर उंच कठडा करावा किंवा चूल ओट्यावर घ्यावी. लाकडांची मागची टोके वाटेवर येऊ देऊ नयेत. त्यांना पाय लागून उकळते भांडे कलंडते, आणि मुले जाळापेक्षा अशा उकळत्या पाण्यानेच अधिक भाजतात. पाण्याची एक भरलेली बादली चुलीच्या आवाक्यात, पण तिच्यापासून थोडी दूर ठेवावी. तळणीचे तेल पेटले तर मात्र पाणी न घालता झाकण ठेवून जाळ बाहेर ओढावा.

कोणी भाजलेच तर पहिल्यांदा काय करावे?

कपड्यांनी पेट घेतला असेल तर धावू न देता जमिनीवर लोळवावे आणि घोंगडी किंवा जाड सुती चादर गुंडाळावी. नंतर भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे, सूज येण्याआधी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात आणि स्वच्छ कापडाने हलके झाकावे. बर्फ, हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नयेत आणि चिकटलेले कापड ओढू नये. चेहरा, हात, गुप्तांग किंवा तळहाताहून मोठा भाग भाजला असेल, तर रुग्णालयात न्यावेच.

आंघोळीच्या पाण्याचा बंब चुलीपेक्षा बरा का?

होय, कारण बंबात जाळाची नळी पाण्याच्या मधून जाते आणि उष्णता चारी बाजूंनी पाण्यालाच मिळते; शिवाय करवंट्या, चिपाडे, मक्याची बुरकुंडे असे काहीही त्यात चालते. आधी पाणी भरावे आणि मगच पेटवावे. रिकामा बंब पेटवल्यास सांध्यांची डाख वितळून तो गळू लागतो. बंब बंद न्हाणीघरात न ठेवता परसात किंवा उघड्या पडवीत ठेवावा.

राखेचे काय करावे?

वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. म्हणून ती प्लास्टिकच्या घमेल्यात किंवा थेट उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवावी. गोठ्याजवळची आग अनेकदा अशाच राखेतून लागते. लाकडाच्या राखेत पोटॅश आणि चुना असतो, त्यामुळे कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत माडाच्या आळ्यात ती थोडी-थोडी घालता येते. खारवट किंवा चोपण जमिनीत ती घालू नये आणि युरियाबरोबर मिसळू नये, कारण त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

धुरामुळे वासे किडत नाहीत आणि बियाणे टिकते, मग धूर पूर्ण बंद करणे योग्य आहे का?

हा प्रश्न विचारणारे वडीलधारे चुकीचे बोलत नाहीत. धुरातील डांबरी द्रव्य वाशांवर बसते आणि पोखरणारे किडे दूर राहतात. चुलीवर टांगलेली मक्याची कणसे आणि भोपळ्याचे बी पावसाळाभर चांगले टिकतात, यात धुराइतकाच कोरड्या धगेचाही वाटा असतो. पण हे काम रोज दोन वेळा घरातल्या बाईच्या छातीतून धूर नेऊन करून घेण्याची गरज नाही. निर्धूर चुलीच्या वरही कोरडी धग मिळते, म्हणून बियाणे तेथेच टांगता येते. डाळी आणि बी गाळलेल्या कोरड्या राखेत घोळून ठेवता येतात. वाशांसाठी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस, घरातील सर्वांना आणि जनावरांना बाहेर काढून, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी द्यावी, विस्तव पूर्ण विझेपर्यंत एकाने दाराशी थांबावे आणि घर दोन तास उघडे ठेवून मगच आत जावे.